पद्मिनीबरोबर आलेल्या डब्यातले अनोळखी तुकडे कसे ओळखावेत

अर्धवट खोललेली जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी विकत घेतली की गाडीबरोबर एक डबा येतोच. त्यात नट-बोल्ट, वायसर, स्प्रिंगा, पितळेचे बारीक तुकडे आणि कडक झालेली रबरं असतात, आणि कुठल्यातरी वस्तूचा अर्धा भागही. विकणारा सांगतो, "सगळं यात आहे, काही हरवलेलं नाही." ते बहुतेक वेळा खरंही असतं. अडचण एवढीच, की कोणता तुकडा कुठला हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

अशा वेळी नवशिक्याचा हात रॉकेलच्या घमेल्याकडे जातो. रात्रभर सगळं भिजवायचं, सकाळी तारेच्या ब्रशने घासायचं आणि चकचकीत तुकड्यांकडे बघत बसायचं. कृपा करून हे करू नका. तुकड्यावरची घाण, रंग, गंज आणि घासल्याच्या खुणा हीच त्याची ओळखपत्रं आहेत. आधी ती वाचायची, लिहून ठेवायची, फोटो काढायचा आणि मगच साफ करायचं. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी गाडी नक्की कोणती ते ठरवा

प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० घराण्याच्या गाड्या १९५० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार झाल्या. मुंबईकर जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात ती सुरुवातीची गोल गाडी, मग सिलेक्ट आणि सुपर सिलेक्ट, १९६४ च्या सुमारास आलेली डिलाइट, थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. बाहेरून ओळखू यावेत एवढे फरक आहेत, पण आतले कित्येक भाग वर्षानुवर्षं तेच राहिले. त्यामुळे डब्यातला तुकडा तुमच्या गाडीचा नसून तिच्या मोठ्या बहिणीचा असला, तरी तो बसण्याची शक्यता बरीच असते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. इंटरनेटवर इटालियन फियाट ११०० डी ची पुस्तकं आणि सुट्या भागांची चित्रं सहज मिळतात आणि ती अतिशय उपयोगी आहेत. पण इटलीतल्या ११०० डी चं इंजिन १२२१ सीसीचं होतं, सिलिंडरचा व्यास ७२ मिमी. आपल्या डिलाइट आणि पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं, व्यास ६८ मिमी. स्ट्रोक दोन्हीकडे ७५ मिमी. म्हणजे सस्पेन्शन, दरवाजे, स्टेअरिंग यांसाठी ती चित्रं बिनधास्त वापरा. पिस्टन, रिंगा आणि हेडचं पॅकिंग यांच्या बाबतीत त्यांवर विसंबू नका.

इंजिन नंबर, चॅसिस नंबर आणि आरसी बुकातलं वर्ष एका वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढचं सगळं त्याच वहीत.

डबा ओता, पण धुऊ नका

जुन्या पांढऱ्या चादरीवर किंवा मोठ्या ट्रेमध्ये डबा हलकेच रिकामा करा. तळाशी उरलेली माती आणि भुगा गाळणीतून काढा. कार्ब्युरेटरचे जेट, छर्रे आणि शाफ्टवर बसणाऱ्या बारीक चाव्या तिथेच अडकलेल्या असतात. भुगा राखाडी आणि पिठासारखा बारीक असेल तर फुंकर मारू नका, हवेचं प्रेशरही नको. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या.

मग प्रत्येक तुकड्याचा फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. सारखे दिसणारे तुकडे एकत्र ठेवा आणि मोजा. मोजणीला नवशिके महत्त्व देत नाहीत, पण निम्मी ओळख तिथेच पटते. या इंजिनाला चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह. एखादी गोष्ट आठ नग सापडली तर पहिला संशय व्हॉल्व्हच्या यंत्रणेवर: पुशरॉड, टॅपेट, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या वाट्या. बोटाच्या पेरापेक्षा लहान, आतून खाच असलेले अर्धशंकू सोळा सापडले तर ते व्हॉल्व्ह लॉक, प्रत्येक व्हॉल्व्हला दोन. पंधराच सापडले तर सोळावा गाळणीत पुन्हा शोधा. जोडीने आलेले तुकडे आरशातल्या प्रतिमेसारखे असतील तर ते डाव्या-उजव्या बाजूचे आहेत आणि ते कधीही एका पिशवीत टाकायचे नाहीत.

घाण वाचायला शिका

काळं, भाजून घट्ट झालेलं तेल इंजिनाच्या वरच्या भागात किंवा एक्झॉस्टच्या जवळ सापडतं. तपकिरी ग्रीस, त्यात रस्त्याची धूळ मिसळून झालेला जाड थर असेल तर सस्पेन्शन, स्टेअरिंगचे सांधे किंवा पाटे (लीफ स्प्रिंगा). कोरड्या मातीचे पापुद्रे मडगार्डच्या आतल्या बाजूचे किंवा गाडीच्या तळाचे. मधासारखा पिवळसर, चिकट आणि नंतर काचेसारखा कडक झालेला थर म्हणजे वाळलेलं पेट्रोल. तो तुकडा कार्ब्युरेटरचा किंवा पेट्रोल पंपाचा. हिरवट-पांढरी भुकटी बॅटरीच्या टर्मिनलजवळ मिळते, आणि तांबड्या गंजाचं पाणी सुकल्याचे डाग थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा रेडिएटरच्या आसपास.

रंग तर त्याहून बोलका. बोल्टच्या डोक्यावर बॉडीचा रंग असेल आणि वायसरखाली नसेल, तर तो गाडी रंगवताना जागेवरच होता. मुंबईतून आलेल्या पुष्कळ पद्मिनी कधीतरी टॅक्सी होत्या. अंग काळं आणि टप पिवळा. खासगी म्हणून नंतर वेगळा रंग दिलेला असला तरी स्क्रूच्या खाचेत जुना रंग टिकून राहतो. खाचेत पिवळा सापडला तर टपाजवळ शोधा, काळा सापडला तर खाली.

सगळ्यात उपयोगी खूण बोल्टच्या दांड्यावर असते, आणि साफ केल्यावर नेमकी तीच जाते. वर्षानुवर्षं एका जागी घट्ट बसलेल्या बोल्टचा जो भाग धातूच्या आत असतो तो स्वच्छ राहतो आणि उघडा भाग गंजतो. डोक्यापासून ३० मिमी स्वच्छ, पुढचं टोक गंजलेलं असं दिसलं तर त्या बोल्टने सुमारे ३० मिमी जाडीची वस्तू धरून ठेवली होती. दांड्यावर चकाकणारा, किंचित खोल गेलेला पट्टा असेल तर तिथे काहीतरी हलत होतं: बुश, लिव्हर किंवा पाट्याची शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक धरणारी हलती कडी. डोक्याखाली गोल ठसा असेल तर वायसर होता, आणि ठशाच्या व्यासावरून वायसर केवढा तेही कळतं. ही सगळी मापं वहीत लिहा. आता धुवायला हरकत नाही.

आटे: मिमीचे की सुताचे

फियाट ही मिमीची गाडी. तिचे मूळ नट-बोल्ट मेट्रिक आहेत. ॲम्बेसेडर आणि जीप मात्र इंचाच्या. आपल्याकडे तिन्ही गाड्या वर्षानुवर्षं एकाच गॅरेजात दुरुस्त झाल्या, त्यामुळे फियाटच्या डब्यात इंची बोल्ट सापडणं ही रोजची गोष्ट आहे. कधी तो डब्यात चुकून पडलेला असतो, कधी कोणी तो गाडीत ठोकून बसवलेला असतो.

हार्डवेअरच्या दुकानात इंची बोल्ट सुतात मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, तीन सूत ९.५ मिमी आणि चार सूत १२.७ मिमी. घोळ होतो तो अडीच सुतात, कारण ८ मिमीचा बोल्ट आणि अडीच सुताचा बोल्ट व्हर्निअरने मोजून वेगळे करता येत नाहीत. बोल्टची बाहेरची जाडी नावापेक्षा नेहमी थोडी कमी भरते, दोन्ही ७.८ ते ७.९ च्या आसपास येतात.

वेगळेपण पिचमध्ये आहे, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात. ८ मिमीच्या नेहमीच्या बोल्टला १.२५ मिमी पिच असतं, बारीक आट्यांच्या बोल्टला १ मिमी. अडीच सुताच्या बारीक बोल्टला इंचात २४ आटे, म्हणजे १.०६ मिमी. १ आणि १.०६ यांतला फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो: नट दोन-तीन फेरे मुकाट्याने जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की आटे गेलेच. यासाठी पिच गेज घ्या, मेट्रिक आणि इंची दोन्ही पानांचं. महाग नसतं आणि आयुष्यभर पुरतं. नसेल तोवर स्टीलच्या पट्टीवर दहा पिचांची लांबी मोजा: १२.५ मिमी भरली तर पिच १.२५. एका इंचात पूर्ण चोवीस आटे बसले तर बोल्ट इंची.

झटपट अंदाज पान्यावरून येतो. ६ मिमीच्या बोल्टला सहसा १० चा पाना लागतो, ८ ला १३ चा, १० ला १७ चा, १२ ला १९ चा. यांपैकी एकही पाना नीट बसत नसेल, एक सैल आणि दुसरा जातच नाही असं होत असेल, तर बोल्ट इंची असण्याचा संशय घ्या. फिरवताना बोल्ट उलट बाजूला घट्ट होत असेल तर उलटे आटे आहेत. असे तुकडे थोडेच असतात, त्यामुळे ते लगेच वेगळे ठेवा.

डोक्यावरचे ठसेही बघा. ८.८ किंवा १०.९ हे आकडे ताकदीचे. 'टीव्हीएस' असा ठसा असेल तर तो चेन्नईच्या सुंदरम फासनर्सचा बोल्ट. ती कंपनी १९६० च्या दशकातली, तेव्हा तुमची गाडी १९५८ ची असेल तर हा बोल्ट नंतर कधीतरी बदललेला आहे. याने गाडीला कमीपणा येत नाही, फक्त कोणी आणि कुठे हात घातला होता ते कळतं. एक सांगावंसं वाटतं: चमकतात म्हणून सस्पेन्शनला आणि स्टेअरिंगला बाजारातले साधे स्टेनलेस बोल्ट लावू नका. ते सहसा ८.८ च्या बोल्टाइतके ताकदवान नसतात. बंपरला, नंबरप्लेटला खुशाल लावा.

आकारावरून काम ओळखा

डोक्यावर खाचा असलेला, किल्ल्याच्या बुरुजासारखा नट म्हणजे कॅसल नट. खाचेतून स्प्लिट पिन जाते, म्हणजे हा नट सुटला तर जीव जाऊ शकतो अशा जागेचा तो आहे: चाकाचा हब, टाय रॉड, स्टेअरिंगचा आर्म. तो हरवला म्हणून साधा नट लावणं चालणार नाही, आणि वापरलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही.

अर्धचंद्राच्या आकाराची लोखंडी चकती म्हणजे चावी. शाफ्टवर पुली किंवा गिअर फिरू नये म्हणून ती बसते. तिच्या कडा पायरीसारख्या झिजल्या असतील तर ती बाद. नालेच्या आकाराची तारेची छोटी क्लिप दरवाजाच्या आतल्या हँडलमागची असू शकते. स्प्रिंगस्टीलची गोल, दोन टोकांना भोकं असलेली म्हणजे सर्क्लिप.

तांब्याचा वायसर जिथे द्रव दाबाखाली असतो तिथला: ब्रेकचे पाइप, तेलाचा ड्रेन प्लग, पेट्रोलची लाइन. तो नवाच घ्यावा. मिळाला नाहीच तर लाल तापवून पाण्यात बुडवला की तांबं पुन्हा मऊ होतं. तपकिरी पुठ्ठ्यासारखा दिसणारा फायबरचा वायसर कार्ब्युरेटरकडचा. कागदासारखे पातळ स्टीलचे वायसर म्हणजे शिम. हे किंगपिनजवळ (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ) किंवा डिफरन्शियलमध्ये मापून घातलेले असतात. एकाच व्यासाचे तीन शिम दिसले तरी त्यांची जाडी वेगळी असू शकते. मायक्रोमीटरने मोजून प्रत्येकावर जाडी लिहा.

टोकदार, जाड आट्यांचा स्क्रू म्हणजे पीके स्क्रू. तो पत्र्यात स्वतःच आटे पाडतो, म्हणून त्याची जागा बॉडी, बीडिंग किंवा डॅशबोर्डवर. इंजिनात त्याला काम नाही. बोल्टच्या डोक्याखालचा भाग किंवा नटचं एक टोक शंकूच्या आकारात निमुळतं असेल तर तो चाकाचा. चाकाला सपाट बैठकीचा नट-बोल्ट कधीही चालवून घेऊ नका.

स्प्रिंगा आणि छर्रे

दोन्ही टोकांना आकडे असलेली जाड, ताणाची स्प्रिंग बहुतेक ब्रेक शूची. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे अशा स्प्रिंगा बऱ्याच निघतील. पातळ तारेची, लांब आकड्याची असेल तर ॲक्सिलरेटरच्या लिंकेजची किंवा क्लचच्या फोर्कची.

पेनातल्या स्प्रिंगपेक्षा जरा जाड, दाबाची छोटी स्प्रिंग आणि तिच्याबरोबर एखादा छर्रा सापडला तर गिअरबॉक्सकडे बघा. सिलेक्टरचा रॉड गिअरमध्ये टिकून राहावा म्हणून त्याच्या खाचेत छर्रा बसतो आणि मागून स्प्रिंग दाबते. हे तुकडे डब्यात असतील तर गिअरबॉक्स कोणीतरी उघडलेला आहे, मग तो बाहेरून कितीही बंद दिसो. तो तसाच गाडीत चढवू नका. वरचं झाकण काढून आत बघा.

स्टेअरिंगवर गिअर असलेल्या गाड्यांमध्ये गिअरच्या रॉडला बरेच बुश, पिना, वायसर आणि क्लिपा लागतात. डब्यातल्या 'कशाचं तरी' या ढिगातला मोठा हिस्सा तिथला निघतो. तो जोडताना एक बुश जरी राहिला तरी गिअर अडकायला लागतात आणि मेकॅनिक उगाच गिअरबॉक्स खोलायला सांगतो.

डेल्कोमधल्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या) दोन बारीक स्प्रिंगा एकीपेक्षा दुसरी जाड अशा असतील तर घाबरू नका. टायमिंग टप्प्याटप्प्याने पुढे जावं म्हणून त्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. 'जोडी जुळत नाही' म्हणून दोन सारख्या घालू नयेत.

पितळ, कार्बन, रबर

लोहचुंबक फिरवा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम चिकटत नाही. मधोमध बारीक भोक आणि डोक्यावर आकडा असलेला पितळी स्क्रू म्हणजे जेट. आकडा साधारणपणे भोकाचं माप मिमीच्या शंभराव्या भागात सांगतो. ११५ म्हणजे सुमारे १.१५ मिमी. तो साफ करायला तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवा पुरते.

कार्बनचे चौकोनी तुकडे, मागे वेणीची तार: काळे असतील तर डायनॅमोचे, तांबूस झाक असेल तर सेल्फचे (स्टार्टर मोटरचे), कारण सेल्फला करंट जास्त लागतो आणि ब्रशमध्ये तांबं मिसळलेलं असतं.

रबराचे तुकडे ओळखून जपून ठेवा, पण फक्त नमुना म्हणून. कप, सील, होज नवेच लागणार. ब्रेकचं रबर आणि पेट्रोल-तेलाचं रबर वेगळं असतं. ब्रेकचा कप इंजिन ऑइल लागलं की फुगतो. म्हणून ब्रेकचे तुकडे रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुवायचे नाहीत, ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर वापरायचा.

आता गाडीकडे जा

इथपर्यंत तुकड्याला विचारलं, आता गाडीला विचारायचं. टॉर्च घेऊन पुढून मागे जा आणि रिकामी भोकं, लोंबणारे लिव्हर, एकच बोल्ट असलेले ब्रॅकेट यांची यादी करा. प्रत्येक भोकाचं माप, आट्यांचा प्रकार आणि किती जाडीची वस्तू तिथे बसते ते लिहा. मग दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. ३० मिमी स्वच्छ दांड्याचा १० मिमीचा बोल्ट आणि ३० मिमी जाडीची रिकामी जागा या वहीतच एकमेकांना भेटतात. बसवून बघताना शेवटपर्यंत बोटांनीच फिरवा. पाना फक्त अखेर घट्ट करायला.

तरीही जे उरेल ते घेऊन माणसांकडे जा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. तिथे कुठल्याही दुकानदारापेक्षा जुना टॅक्सी मेकॅनिक शोधा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी उतरल्या, पण त्यांवर उभं आयुष्य काढलेले हात अजून आहेत. त्यांना फोटो पाठवू नका, तुकडा हातात द्या. वजनावरून आणि झिजेवरून ते जागा सांगतात. आणि सांगितलेलं त्यांच्यासमोरच वहीत लिहा. हे ज्ञान कुठल्या कॅटलॉगमध्ये छापलेलं नाही आणि ते फार काळ असं सहज मिळणार नाही.

तुटलेला तुकडा ओळखला पण नवा मिळत नसेल तर लेथवर करून घेता येतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. नमुना जुनाच द्या, झिजलेला भाग कुठला ते खडूने दाखवा आणि समोर बसणाऱ्या भागाचं मापही द्या, नाहीतर झीजसुद्धा हुबेहूब उतरते. स्टेअरिंग आणि ब्रेकचे भाग मात्र असे करून घेऊ नयेत.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. तो विचार असेल तर मूळ क्लिपा, ठसे असलेले बोल्ट आणि जुने कार्ब्युरेटर यांना नव्यापेक्षा जास्त किंमत आहे. बदललेला मूळ तुकडाही चिठ्ठी लावून ठेवा.

शेवटी मूठभर तुकडे उरतातच. त्यांचे तीन भाग करा: नक्की दुसऱ्या गाडीचे, बहुधा आपले पण जागा माहीत नाही, आणि अजिबात कळत नाही असे. पहिला भाग एखाद्या ॲम्बेसेडरवाल्याला द्या. उरलेले दोन गाडी रस्त्यावर येऊन एक पावसाळा निघेपर्यंत टाकू नका. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये कुठेतरी खडखड होते, दरवाजा खाली बसतो, हँडब्रेकची केबल घासते. तेव्हा आधी ही पिशवी उघडा.